ताडी सोडलेला माणूस

आमच्या घरात खायला नव्हतं असं मी म्हणणार नाही. तसं सांगितलं की ऐकणाऱ्याला माझी कीव करायला सोपं जातं, पण ते खरं नाही. भात होता. आमच्या तुकड्यातला तांदूळ होळीपर्यंत पुरायचा, नंतर दुकानातला यायचा. पावसाळ्यात नागलीची आंबील असायची, भाकरीबरोबर लसूण-मिरचीची चटणी, चिंचेचं सार, आणि समुद्राकाठच्या झाईची मासेवाली जानकी मावशी आली की मूठभर सुकट. पोट भरायचं. पण डाळ शिजली तर त्या दिवशी काहीतरी कारण असायचं, आणि कोंबडीनं घातलेलं अंडं घरात फुटलेलं मला आठवत नाही, ते फाट्यावरच्या धाब्यावर जायचं. आई चिकूच्या वाडीत फळं निवडायला जायची आणि संध्याकाळी चुलीपुढून उठताना मेढीच्या खांबाला धरून दोन क्षण उभी राहायची. "चक्कर नाय गं, उजेड जातो डोळ्यापुढचा," म्हणायची. आमच्या पाड्यातल्या सगळ्याच बायका उठताना काहीतरी धरायच्या, त्यामुळे मला वाटायचं, बाईमाणूस असंच उठतं. पुढे कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी घरी येऊन आईची खालची पापणी ओढून बघितली. आतून कागदासारखी पांढरी. इतकी वर्षं तिच्या अंगात रक्त नव्हतं आणि आम्ही उजेडाला दोष देत होतो.

आमचा पाडा तलासरीच्या अंगाला, हायवेपासून पायी वीसेक मिनिटांवर. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली की त्यांचे भोंगे आमच्या अंगणात ऐकू यायचे. मी अभ्यास करायची ती त्या आवाजात. घर कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं. कुडाला चुलीच्या वर एक खुंटी होती आणि तिच्यावर बाचा फवारणीचा सदरा टांगलेला असायचा. हा सदरा धुवायचा नसतो, अशी पद्धत. उद्या परत भिजायचाच आहे, मग धुवून काय करायचं? चुलीच्या धगीवर तो वाळायचा, कडक व्हायचा, आणि त्याला एक वास यायचा, घासलेट आणि कुजका लसूण एकत्र केल्यासारखा. त्या वासाखाली आई भाकरी थापायची. आम्ही त्याखाली बसून जेवायचो. आता हे लिहिताना माझा हात थांबतो, पण तेव्हा तो आमच्या घराचाच वास होता. शेणाला शेणाचा असतो तसा.

बाचं नाव देवजी. डहाणूच्या बाजूला एका शेठची वाडी होती, तिथे तो ढोबळी मिरचीवर फवारायला जायचा. पाठीवर पंप, तोंडाला टॉवेल, पायात काही नाही. पंपाचं झाकण गळकं होतं, त्यामुळे बाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत ओली राहायची. पंपात जे घालायचे त्याला सगळेच औषध म्हणायचे. मिरचीला औषध मारलं, चिकूला औषध मारलं. शेठही औषधच म्हणायचा आणि दुकानदारही. औषधाला कोण भितो? तरी माणसांना आतून कुठेतरी माहीत होतं, कारण त्यावर उतारे ठरलेले होते. फवारायच्या आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचा, तो शेठ स्वतः वाटायचा. आणि फवारून झालं की ताडी प्यायची. ताडी प्यायली की औषध अंगात राहत नाही, लघवीवाटे निघून जातं. हे पाड्यातल्या लहान पोरांनाही पाठ होतं. त्यामुळे थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत फवाऱ्याची माणसं दुपारी झुलतच घरी यायची, आणि त्यात कुणाला नवल वाटायचं नाही.

बाही प्यायचा. आमचे स्वतःचे दोन ताड होते, बांधावर. मी दहावी पास झाले तेव्हा गुणपत्रिका आणायला तो माझ्याबरोबर शाळेत आला तो पिऊन. आनंदानं प्याला होता, हे मला आज कळतं. हेडमास्तरांच्या खोलीत खुर्ची असून तो खाली बसला आणि उठेना. दारात पोरी हसत होत्या. मी त्याला तिथेच टाकून एकटी घरी आले आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. सलग नऊ दिवस मी त्याच्या ताटात भाकर वाढली, पण शब्द काढला नाही. माझा स्वभाव मुळातच असा आहे, ताठ. आई म्हणायची, ही पोरगी वाकायची नाय, मोडेल. दहाव्या दिवशी सकाळी बा शेजारच्या लाडकू काकाला घेऊन बांधावर गेला आणि म्हणाला, "या दोन ताडांची ताडी आजपासून तू काढ. मला नको." लाडकू काका बाचा चुलतभाऊ, त्याच वाडीत फवारायला जाणारा, पाड्यातला सगळ्यात बोलका माणूस.

"ताडी सोडतोस ते ठीक हाय," लाडकू काका म्हणाला, "मग फवारा पन सोड. औषध अंगातून बाहेर कोन काढनार, तुझी पोरगी?"

"गूळ खातो ना."

"गुळानं मुंग्या येतील देवजी, औषध नाय जायाचा!"

सगळे हसले, बाही हसला. मी घरात ऐकत होते आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. त्यानंतर दीड-दोन वर्षं बानं थेंब घेतला नाही, एकदा लग्नात आणि एकदा होळीला सोडून. त्या दोन वेळा मी धरून ठेवल्या होत्या. माणसाच्या चांगल्या पाचशे दिवसांपेक्षा ते दोन दिवस माझ्या जास्त लक्षात होते.

बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मिरचीवर कीड फार होती. वाडीत एक दिवसाआड फवारा चालला होता. बाचं डोकं दुखायचं. जेवताना म्हणायचा, ताटात धुकं दिसतं. आई आल्याचा चहा करून द्यायची. मी जीवशास्त्राच्या पेपरची तयारी करत होते, आणि केंद्र लांब होतं म्हणून बा मला त्या दिवशी सायकलवरून फाट्यापर्यंत सोडणार, पुढे गाडीतून बरोबर येणार आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर बसणार असं ठरलं होतं. त्यासाठी त्यानं शेठकडून सुट्टी मागून घेतली होती. आदल्या दिवशी मात्र फवाऱ्याला गेला, सकाळीच.

दुपारी जेवणवेळ टळून गेली तेव्हा लाडकू काका त्याला खांद्याला धरून घेऊन आला. बाचे पाय एकमेकांत अडकत होते. तोंडातून लाळ गळत होती, सदरा घामानं चिकटला होता.

"काय झाला?" आई दारात आली.

"काय होनार? चढली हाय," काका म्हणाला. "माझ्या नजरेआड कधी प्याला, पिकअपमधून उतरला तवा असाच."

आईनं कपाळावर हात मारला. "उद्या पोरीचा पेपर, आन् आज याला सुचली!"

त्यांनी बाला पडवीत उताणा टाकला. लाडकू काकानं चिंचेचं पाणी करायला सांगितलं, ताडी उतरवायला तेच देतात. आईनं पाजलं, बानं ओकारी केली, आणि काका म्हणाला, "आता उतरंल. झोपू दे." आणि तो आपल्या घरी गेला. आईनं रागानं चिंचेच्या पाण्याचं भांडं आपटलं. सदरा काढू का, मी विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. तसाच पडू दे त्यात. लाज वाटेल उठल्यावर." मग ती पाणी भरायला गेली.

मी एकटीच त्याच्यापाशी होते. पडवीतच माझी पुस्तकं होती. ती उचलायला मी वाकले तेव्हा त्याच्या तोंडाचा वास आला, आणि तो ताडीचा नव्हता. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. ताडीचा आंबट वास मला जन्मापासून ठाऊक. हा वास खुंटीवरच्या सदऱ्याचा होता, फक्त आता तो त्याच्या श्वासातून येत होता. मला कळलं, पण त्या कळण्याचं मी काय केलं? मी ठरवलं की ताडी नाही, म्हणजे नाक्यावर जाऊन बाटलीतली प्याला, म्हणजे जास्तच वाईट. रागावलेल्या माणसाला पुरावा कुठूनही मिळतो.

बानं डोळे उघडले. त्याच्या ओठांचं मांस आपोआप फडफडत होतं, गुराच्या कातडीवर माशी बसल्यावर फडफडतं तसं. तो म्हणाला, "नाय प्यालो, बाय."

"दारू प्यालेला हेच बोलतो," मी म्हणाले.

"नाय गं. नाय प्यालो."

"उद्या तू माझ्याबरोबर येऊ नको. मी जाईन एकटी. लोकांपुढे माझी लाज काढायला येऊ नको."

त्यानं अजून एकदा तोंड उघडलं, पण लाळ आली, शब्द आला नाही. मी पुस्तकं घेऊन मागच्या अंगणात गेले आणि चेतासंस्थेचं प्रकरण पाठ करत बसले. एका नसेकडून दुसऱ्या नसेकडे निरोप कसा जातो, ते. घरातून त्याचं घरघरणं ऐकू येत होतं. मी कानात बोटं घातली होती.

ऊन कललं तेव्हा जानकी मावशी आली, सुकटीची पाटी घेऊन. नेहमीप्रमाणे अंगणातूनच ओरडत, "गो, कोन हाय का घरान? पानी दे घोटभर!" पडवीत बाला बघून ती थबकली. पाटी उतरवून त्याच्यापाशी बसली. तिचा नवरा होडीवरचा, आयुष्य पिण्यात गेलेला. पंचवीस वर्षं तिनं प्यालेला माणूस सांभाळलेला होता.

"यो कधीपासून असा?"

"दुपारपासून. प्यालाय," मी म्हणाले.

"प्यालेला मानूस असा पाझरत नाय गो." तिनं अंगठ्यानं त्याची पापणी वर केली. "इकडं ये. बघ. डोल्यातली बाहुली बघ, तिलाएवडी झालीय. दारून बाहुली अशी नाय होत. आयेस कुठं तुजी? गाडी बघा. आत्ता."

मी बघितलं. डोळ्यातला काळा ठिपका खरोखर तिळाएवढा होता. मी आईला हाक मारत धावले ते मला आठवतं, आणि लाडकू काका पायात चप्पल न घालता फाट्याकडे पळाला तेही. गाडी मिळेपर्यंत बाचे ओठ निळसर झाले होते. त्याचं डोकं आईच्या मांडीवर होतं, आणि ओला सदरा अजून अंगातच होता.

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं दारातच विचारलं, "फवारणीला गेले होते का?" मी हो म्हणाले. तिनं आधी हातात मोजे घातले आणि कातरीनं सदरा मानेपासून खालपर्यंत कापला. "याला नुसत्या हातानं धरू नका," ती आईला म्हणाली, "तुम्हालाही लागेल. तुमचे हात धुवा आधी, साबणानं, कोपरापर्यंत." मग मोजे घालून तिनं आणि आईनं मिळून त्याला धुतलं. केस, कानामागं, काखा, नखांत. एवढं पाणी आणि एवढा साबण बाच्या अंगाला लग्नातसुद्धा लागला नसेल. "औषध कोणतं? बाटली आणली का?" तिनं विचारलं. आम्ही आणली नव्हती. लाडकू काका वाडीत जाऊन घेऊन आला. मी ती बाटली हातमोज्यात धरून वाचली. लाल त्रिकोण, वर कवटी. बाटलीला रबरानं बांधलेला पातळ कागद होता, घडीही न मोडलेला. त्यावर बारीक अक्षरात, मराठीतसुद्धा, लिहिलं होतं: अंगावर सांडल्यास कपडे ताबडतोब काढावेत, साबण आणि भरपूर पाण्यानं धुवावं, बाधा झाल्यास कुशीवर झोपवावं. ओकारी काढायला सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी होते. तो कागद वाडीत होता आणि मी कधी वाडीत गेले नव्हते.

डॉक्टर इंजेक्शनवर इंजेक्शन देत होते आणि दर थोड्या वेळानं बॅटरी लावून डोळे बघत होते. ते म्हणाले, पोटातून नाही गेलेलं, कातडीतून शिरलंय, पाठीतून, रोज थोडं थोडं, आणि आज एकदम जास्त. आईनं विचारलं, दुपारीच आणला असता तर? डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मावशी, आता जे करता येतं ते करू." चांगला माणूस होता. त्या दिवशी मला त्याचा राग आला, कारण तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. मी गेले नाही. दुपारी बानं डोळे उघडले. घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "बा, तू नव्हता प्याला." दोनदा म्हणाले. त्यानं माझ्याकडे बघितलं की छताकडे, मला सांगता येत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते त्या विषानंही येतं, हे मी पुढे शिकले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा श्वास थांबला.

मेलेल्या माणसाविषयी पाडा काय बोलतो ते सगळ्यांना माहीत असतं. बाराव्याला माणसं जेवायला बसली आणि पंगतीतूनच बोलणं निघालं. "ताडी सोडली म्हनून गेला. पीत होता तवर काय झाला त्याला?" कोणी वाईट मनानं बोलत नव्हतं. त्यांना तसंच वाटत होतं. रोज पिणारे बाकीचे सगळे जिवंत होते, सोडलेला एकटा मेला होता. हिशोब त्यांच्या डोळ्यांपुढे सरळ होता. लाडकू काका मान खाली घालून भात कालवत होता. मी वाढत होते. त्या पंगतीत मी जाणत होते की त्यानं ताडी कोणासाठी सोडली. आईही जाणत होती. पण ती मला कधी एक शब्द बोलली नाही. त्या न बोलण्याचं ओझं मी अजून वाहते.

मी पुरवणी परीक्षेला बसले, पास झाले, आणि कॉलेजात गेले. सकाळची एसटी चुकली की दुसरी नव्हती. आई वाडीतून आल्यावर चुलीपुढे बसून मला विचारायची, "आज काय शिकवला?" मी सांगायची, ती ऐकायची. पहिल्या वर्षाला मी रसायनशास्त्राच्या मॅडमना ती बाटली वर्णन करून सांगितली. त्यांनी मला फळ्यावर काढून दाखवलं, हे विष नसांतल्या निरोपांचं काय करतं ते. निरोप येतो, पण पुसला जात नाही. मग लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, स्नायू फडफडत राहतात, शेवटी छाती दमते. मी विचारलं, "मॅडम, ताडीनं ते उतरतं का?" वर्गात खसखस पिकली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. उलट ताडी प्यायलेल्या माणसाला बाधा झाली तर कुणाच्या लक्षातच येणार नाही." मी बाकावर बसले आणि तास संपेपर्यंत वही उघडली नाही.

शनिवार-रविवारी मी पाड्यात सांगायला लागले. कोणी बोलावलं नव्हतं. फवारून आलात की बांधावरच कपडे काढा, साबणानं अंघोळ करा, सदरा घरात आणू नका, वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून मारू नका, गळका पंप पाठीवर घेऊ नका, बाटलीचा कागद फेकू नका, माझ्याकडे आणा. पहिल्यांदा लोक ऐकून घ्यायचे, कारण बाप मेलेल्या पोरीला कोण तोडून बोलणार? मग हळूहळू बोलू लागले. एकदा लाडकू काकाच्या बायकोनंच, सोनी काकीनं, नळावर सगळ्यांसमोर म्हटलं, "एवढा शिकलीस तर बापाला का नाय वाचवला?" मी हंडा भरला आणि म्हणाले, "तेव्हा शिकले नव्हते, काकी." घरी येऊन रडले. पण पुढच्या रविवारी परत गेले. वर लिहिलंच आहे, माझा स्वभाव ताठ.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. कॉलेजातून आले तर सोनी काकीच्या अंगणात पाडा जमलेला. काकीची सून जमनी वहिनी मिरचीच्या वाडीत पाणी वाहायला आणि पिंपात औषध ढवळायला जायची. ती अंगणात बसली होती, लोक धरून होते, आणि तिचं अंग थरथरत होतं, तोंडातून लाळ येत होती. कोणीतरी धूप पेटवला होता. "वारं हाय," म्हणत होते, "वाडीतल्या वडाखालून आलं." भगताला बोलवायला माणूस गेला होता. मला तिथेच उमगलं. बाप्याला झालं की ताडी, बाईला झालं की वारं. औषधाचं नाव कोणीच घेत नाही.

मी गर्दीत शिरून वहिनीची पापणी वर केली. बाहुली तिळाएवढी.

"हिला दवाखान्यात न्यायचं. आधी कपडे काढून धुवायचं, आत्ता. साबण आणा. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा."

सोनी काकी माझ्या अंगावर आली. "माझ्या सुनेला गावापुढं उघडी करतेस? बापाचा झाला तो झाला, आता आमच्या घरात घुसतेस?"

मी काकीला काय सांगणार होते? विषाचा गुण? नसांचे निरोप? माझ्याकडे खूप शब्द होते आणि त्यातला एकही त्या अंगणात चालण्यासारखा नव्हता. तेवढ्यात मागून माझी आई आली. तिनं स्वतःचं जुनं लुगडं उलगडलं आणि दोन बायकांच्या हातात त्याची टोकं दिली, आडोसा करायला.

"सोने," आई म्हणाली, "मी नाय काढला माझ्या माणसाचा सदरा. रागावलेली होते. संध्याकाळी दवाखान्यातल्या बाईनं कातरीनं कापला. तवर उशीर झालता." ती रडली नाही. "काढ तिचे कपडे."

सोनी काकी खाली बसली आणि सुनेच्या चोळीच्या गाठी स्वतः सोडू लागली. मी तिच्याही हातांना पिशव्या बांधल्या. आम्ही तिघींनी लुगड्याच्या आड वहिनीला तीन वेळा साबण लावून धुतलं, केसांसकट. बाहेर कोणीतरी चिंचेचं पाणी घेऊन आलं, ते मी ओतून टाकलं. डाव्या कुशीवर घालून, कोरड्या चादरीत गुंडाळून तिला गाडीत ठेवलं. लाडकू काका वाडीतून बाटली घेऊन रस्त्यावर उभा होता, कागदासकट. या वेळी त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

वाटेत मी तिच्या छातीवर नजर ठेवून होते. श्वास मोजत होते. प्रत्येक श्वास बाचा असल्यासारखा मोजत होते. हे लिहिणं बरं दिसत नाही, पण खरं सांगते, त्या गाडीत मला वहिनीपेक्षा तोच जास्त दिसत होता. पडवीत उताणा पडलेला, आणि तोंड उघडून परत काहीतरी सांगू बघणारा.

जमनी वहिनी जगली. बरेच दिवस दवाखान्यात होती, मग चालत घरी आली. त्याच वर्षी मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पाड्यातलीही पहिली. आता आमच्याकडचा माणूस फवारून आला की बांधावर कपडे काढतो, साबणानं अंघोळ करतो आणि मग घरात येतो. कोणी झुलत आला तर आधी त्याचे डोळे बघतात, नंतर शिव्या देतात. ताडी मात्र मी कोणाचीच सोडवू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर परत कोणाला सोड म्हणायचं धाडसही केलं नाही. अंघोळ आधी, ताडी नंतर. एवढं झालं. त्यानंतर आमच्या पाड्यात फवाऱ्यानं कोणी मेलं नाही.